दगडावरचे आबा

मदन महालच्या टेकडीच्या पायथ्याशी आमचं घर, आणि घराच्या मागच्या अंगणात एक दगड. दगड म्हणजे साधासुधा नाही, चांगला खोलीएवढा करडा धोंडा. टेकडीवरून असे धोंडे कधीकाळी खाली निघाले आणि जिथे दमले तिथे बसले, असं आमचे हे सांगायचे. घर बांधताना ठेकेदार म्हणाला, सुरुंग लावू, जागा मोकळी होईल. ह्यांनी साफ नकार दिला. "तो आपल्याआधीचा आहे. आपणच जरा सरकून घेऊ," म्हणाले. म्हणून आमची मागची भिंत दगडाला वळसा घालून जाते, आणि ओळखीचे लोक अजून म्हणतात की रत्नाकररावांनी घर नाही बांधलं, धोंड्याला कुंपण घातलं.

मी हेमलता. लग्न होऊन नागपूरहून जबलपुरात आले ती इथलीच झाले. वय सत्तरीच्या पुढे गेलं आहे, आणि गुडघे माझ्याही पुढे. हे गन कॅरेज फॅक्टरीत होते. रिटायर झाल्यावर ह्यांना एकच काम उरलं: दुपार कलली आणि कडुनिंबाची सावली दगडावर आली की नातीला घेऊन तिथे जाऊन बसायचं. नात म्हणजे दुर्वा, दुसरीतली. आजोबा-नातीचं तिथे काय चालतं ते मला कळू द्यायचे नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही आणि ह्यांना फॅक्टरीच्या कँटीनपासून त्याची चटक. कुंड्यांच्या मागे मला टरफलं सापडायची. मी बघून न बघितल्यासारखं करायची. संसार असाच होतो, दुसरं काय.

चैत्रात एका दुपारी हे जेवून आडवे झाले. "चहाला उठव," म्हणाले. मी चहा टाकला, हाक मारली, पुन्हा हाक मारली. उठले नाहीत. इतकी वर्षं बरोबर काढलेल्या माणसाचं शेवटचं वाक्य "चहाला उठव" असावं, ह्याचा मला आजही राग येतो. निरोप घ्यायची ही काय पद्धत झाली?

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस गेलं की जिथे त्याला ठेवलं होतं तिथे तांदळाचं पीठ पसरायचं, शेजारी दिवा आणि भाताचा गोळा ठेवायचा, पिठावर टोपली पालथी घालायची. मंडळी अस्थी विसर्जन करून आली की टोपली उचलायची. पिठात ज्याची पावलं उमटतील त्याच्या जन्माला गेलेलं माणूस गेलं, असं समजायचं. पुरुषमंडळी नर्मदेवर, ग्वारीघाटाला गेली होती. आम्ही बायका पुढच्या खोलीत भेटायला आलेल्यांपाशी बसलो होतो. मागच्या खोलीचं अंगणाकडचं दार कुणी लावलं नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही.

परत येऊन बघतात तर टोपली कलंडलेली, भाताचा गोळा गायब, आणि पिठात पावलं. माझे चुलत दीर विष्णुपंत नागपूरहून आले होते. घरातल्या सगळ्या मयतांचे ते जाणकार. चष्मा पुसून गुडघ्यावर बसले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाच बोटं! वहिनी, मोजून पाच. हा लहान बाळाचा हात आहे. मनुष्यजन्म लाभला दादाला."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. एका बाईने माझ्या गालावरून हात फिरवून नव्याने रडून घेतलं. पावलांच्या मधोमध एक लांबच लांब रेघ ओढल्यासारखी होती. ती टोपली घसरल्याची असणार, असं विष्णुपंतांनी ठरवलं. दुर्वा दाराशी फ्रॉकचं टोक तोंडात धरून उभी होती. ती पिठाकडे बघत नव्हती, अंगणातल्या मोरीकडे बघत होती. मला ते दिसलं, पण त्या दिवशी मला बरंच काही दिसत होतं आणि काहीच कळत नव्हतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. माझा मुलगा दिनकर राइट टाउनमधल्या बँकेत आहे, तो कामावर जाऊ लागला. सून मेघा कॉलेजात शिकवते, तीही जाऊ लागली. सुट्ट्या लागल्या आणि घरात मी आणि दुर्वा अशा दोघीच उरलो. मला दुपार नकोशी झाली होती. जेवण झालं की घर एकदम मोठं व्हायचं, आणि पुढे काय करायचं ते सुचायचं नाही. चहा मी सोडूनच दिला होता.

एका दुपारी अंगणात पाला फार झाला म्हणून खराटा घेऊन मागे गेले, आणि जागच्या जागी थिजले. दगडावर, ह्यांच्या नेहमीच्या जागेवर, एक घोरपड पसरली होती. शेपटीसकट माझ्या हातातल्या खराट्याहून लांब. आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर, तशीच पोटावर पालथी, हनुवटी दगडाला टेकून, आमची दुर्वा.

मी ओरडले आणि खराटा उगारला.

"आजी, नको मारू!" दुर्वा दोन्ही हात पसरून मधे आली. "मारू नको ना! आबा आहेत ते!"

"काय बोलून राहिली तू?"

"पिठात तेच आले होते. सच्ची. पाच बोटं, और बीच में शेपटी. विष्णुआजोबांना कळलं नाही."

माझा हात खाली आला. विश्वास बसला म्हणून नव्हे, पोरीचा चेहरा बघवला नाही म्हणून. इतका पांढरा पडला होता. म्हटलं, हिचे आबा गेले, हिला कुठेतरी टेकायला हवं, टेकू दे. आणि तेवढ्यात त्या जनावराने माझ्याकडे पाहिलं. पळालं नाही. घोरपडीची पापणी खालून वर मिटते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिने डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला, आणि बोलणी ऐकायचा कंटाळा आला की आमचे हे जसे करायचे तशी मान बाजूला टाकून निवांत झाली.

दुर्वाने फ्रॉकच्या खिशातून एक अंडं काढलं आणि दगडावर ठेवलं. घोरपडीने जिभेने ते चाचपलं, तोंडात धरलं, डोकं वर करून एका दमात गिळलं. गळ्यातून उतरताना दिसलं सुद्धा. मी तिथेच पायरीवर बसले.

"हे अंडं कुठून आणलं?"

"दुकानातून. आबांना आवडतं," दुर्वा माझ्याकडे न बघता म्हणाली.

ते मला काय माहीत नव्हतं? आयुष्यभर दगडावर लोळायची हौस, चोरून अंडी खायची हौस. देवाने दोन्ही एकदमच पुरवल्या होत्या. मला हसू आलं, आणि हसता हसता तोंडावर पदर घ्यावा लागला.

त्या दिवसापासून माझ्या दुपारी फिरल्या. कडुनिंबाची सावली दगडावर यायची वेळ झाली की आम्ही दोघी मागे जाऊन बसायचो. आधी मोरीच्या तोंडाशी जीभ दिसायची, दुभंगलेली, निळसर. मग डोकं. मग एक एक पाय जपून टाकत सगळं अंग बाहेर यायचं, आणि दगडावर चढताना नखांचा खरखर आवाज व्हायचा. मी ह्यांना "आलात का" म्हणायची. मी पुन्हा चहा घ्यायला लागले होते. पायरीवर बसून घोट घोट घ्यायची आणि ह्यांच्याशी बोलायची. पेन्शनच्या कागदांना हेलपाटे घालावे लागतायत, सांगायची. दिनकर जेवणावर लक्ष देत नाही, मेघाची बदली टळली, पंप पुन्हा बिघडला. हयात असताना ह्यांनी माझं इतकं ऐकून घेतलं नसेल. आता मधेच उठून जात नव्हते, पेपरात डोकं घालत नव्हते. गळ्याची कातडी हलायची तेवढीच. कधी वाटायचं, मान डोलावतायत.

दुर्वा बोलायची नाही. ती त्या जनावराशेजारी पालथी पडून राहायची. इतक्या लहान पोरीला इतकं स्थिर राहता येतं ह्यावर माझा विश्वास बसत नसे. बोट पुढे करून तासन्‌तास वाट बघायची, आणि मग केव्हातरी ती जीभ येऊन बोटाला लागून जायची, वाऱ्यासारखी. दुर्वा नुसती डोळ्यांनी हसायची. एकदा तिच्या पाठीवर कडुनिंबाची पिवळी पानं पडली होती, तिच्या आणि त्याच्याही, आणि दोघांनीही ती झटकली नव्हती.

मदन महाल स्टेशनातून गाडी सुटली की तिची शिटी टेकडीवर आपटून परत यायची. वर घारी गोल गोल फिरायच्या. दगड दिवसभराचं ऊन हळूहळू परत द्यायचा, त्याच्याजवळ बसलं की अंगाला शेक लागायचा. मला डुलकी लागायची, आणि डुलकीत हे यायचे. बनियनवर, दगडावर मांडी घालून, अंडं सोलत. पिवळं दुर्वाच्या हातावर ठेवायचे, पांढरं स्वतः खायचे. मी विचारायची, दगड गरम नाही का हो? ते म्हणायचे, ये ना, बसून बघ. मी डोळे उघडायची तर दगडावर घोरपड आणि दुर्वा, दोघांचे हात सारखेच पसरलेले, दोघांचे डोळे मिटलेले. कुठलं स्वप्न आणि कुठलं खरं, मी तेव्हा ठरवायला जात नसे. मला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांनी मला बरं वाटत होतं.

एक गोष्ट मात्र मनात राहायची. माझ्यासमोर दुर्वा त्याला आबा म्हणायची. पण मी आत असले की ती त्याच्या कानाशी काहीतरी वेगळंच पुटपुटायची आणि माझी चाहूल लागली की गप्प व्हायची. मी म्हणायची, आजोबा-नातीचं आहे, आपण कशाला नाक खुपसा.

दिनकर आणि मेघाला आम्ही काही सांगितलं नव्हतं. ते संध्याकाळी यायचे तेव्हा दगड रिकामा असायचा. पण गच्ची काही फक्त आपल्याला नसते. आषाढात पावसाने चार दिवस उघडीप दिली, शेजारच्या शुक्ला भाभी गच्चीवर पापड वाळत घालायला आल्या आणि त्यांनी खाली पाहिलं. त्यांची किंकाळी बहुधा स्टेशनापर्यंत गेली असेल.

संध्याकाळी दिनकर फाटकाशीच सापडला त्यांना. "भैया, आपके यहाँ गोह है! इसकी फूँक लग जाए तो आदमी पानी नहीं माँगता. और बच्ची बगल में लेटी है! अम्माजी बैठी चाय पी रही हैं!"

दिनकर आत आला तो चप्पल न काढताच.

"आई, हे खरं आहे?"

"चप्पल काढ आधी."

"आई!"

लपवून काय करायचं? मी सांगून टाकलं. पीठ, पावलं, रेघ, दगड, अंडं, सगळं. म्हटलं, "तुझे बाबा आहेत ते, दिनकर. तुला पाहायचे असतील तर उद्या सुट्टी टाक."

त्याने चप्पल काढली आणि हातातच धरून उभा राहिला. मग म्हणाला, "दुर्वाच्या डोक्यात काहून भरून राहिली तू हे? ती लहान आहे. उद्या ते जनावर कुणी मारलं, की आपोआप मेलं, तर तिने काय समजायचं? बाबा दोनदा गेले?"

मेघाने दोघांनाही पाणी दिलं. दारामागे दुर्वा उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

दिनकरने फोन लावला आणि सगळं सांगितलं. बंडू नावाचे एक गृहस्थ आहेत, रेल्वेत नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरातले साप, घोरपडी पकडून जंगल खात्याला कळवून सोडून येतात. रविवारी येतो म्हणाले. बरगीच्या बाजूला जंगलात सोडू, तिथून परत यायची नाही.

रविवार येईपर्यंत दुर्वा नीट जेवली नाही. रात्री माझ्या कुशीत शिरून एकच विचारायची, "आजी, तू पप्पांना नाही म्हणशील ना? तुझं ऐकतील ते." मी म्हणायची, हो गं, बघते मी कोण नेतं ते. आणि मी ठरवलंच होतं. हे एकदा मला न सांगता गेले. पुन्हा पोत्यात घालून कुणी नेईल आणि मी बघत बसेन, असं होणार नव्हतं.

रविवारी सकाळीच मी खुर्ची नेऊन दगडासमोर ठेवली आणि तिच्यावर बसले. बंडू आले, चांगले जाडजूड गृहस्थ, तोंडाची टकळी एक मिनिट बंद नाही. हातात जाड मोजे, आकडा, पोतं. मला बघून म्हणाले, "काकू, तुम्ही पहारा देऊन राहिल्या वाटतं?"

"मला आधी उचला. मग त्यांना न्या," मी म्हटलं.

दिनकरने कपाळाला हात लावला. पण घोरपड दगडावर नव्हतीच. ती भिंतीच्या कोपऱ्यात, तुळशीच्या ओट्याला लागून, नखांनी खरवडत होती. गेले काही दिवस ती तेच करत होती. आमचं सगळं अंगण ह्यांनी हौसेने सिमेंटचं करून घेतलेलं. खरवड खरवड खरवडायची, दमायची, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात जायची. मला वाटायचं, हे मला काही सांगू बघतायत. मी रोज विचारायची, काय हवंय, सांगा ना.

बंडूंनी इतक्या चपळाईने तिला धरलं की मला खुर्चीतून उठायलाही वेळ मिळाला नाही. एक हात मानेमागे, एक शेपटीच्या मुळाशी. दुर्वा किंचाळली. बंडूंनी पोटाखालून अंगठा फिरवला आणि हसले.

"दिनकरजी, हे आबा नाहीत हो. ही बाई आहे. पोटात अंडी आहेत, चांगली भरलेली. म्हणून खणून राहिली बिचारी. अंडी घालायला माती पाहिजे ना हिला."

शुक्ला भाभी गच्चीवरून बघत होत्या, त्या कठड्यावर वाकल्या.

मला काय वाटलं ते सांगते. आधी लाज वाटली. सत्तरी उलटलेली बाई, दोन-अडीच महिने एका गाभण घोरपडीला पेन्शनच्या कागदांबद्दल सांगत होते. आणि लाजेच्या मागोमाग ते आलं, ज्याला मी चैत्रापासून दाराबाहेर उभं करून ठेवलं होतं. हे नाहीत. दगडावर नाहीत, पिठात नव्हते, कुठेच नाहीत. दिनकर म्हणाला होता ते माझ्याच बाबतीत खरं झालं. ते दोनदा गेले.

आणि मग मनात आलं: पोरीचं काय? माझी ही अवस्था, तर तिची काय असेल? मी दुर्वाकडे वळले. ती रडत नव्हती, घोरपडीकडेही बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. आजारी माणसाच्या उशाशी बसून बघतात, तशी.

ती जवळ आली आणि माझा हात धरला.

"आजी, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की ही आबा नाही. ती पहिलेपासून आहे. दिवाळीपासून. आबा और मी दोघं मिळून तिला अंडं द्यायचो. आबा म्हणाले होते, आजीला सांगू नको, घाबरेल." तिने मागच्या खोलीकडे बोट केलं. "त्या दिवशी ती अंडं शोधायला आली होती आत. आबांनी दिलं नव्हतं ना किती दिवस."

"मग तू मला आबा आहेत असं काहून सांगितलं?"

"तू खराटा उचलला होता. मला दुसरं काही आठवलंच नाही." आणि मग हळूच, "नंतर सांगणार होते. पण तू तिच्याशी बोलायला लागली. चहा प्यायला लागली. मला वाटलं, राहू दे. आजीजवळ राहू दे."

इतके दिवस मी समजत होते की मी पोरीचं मन राखते आहे. आणि ही एवढीशी पोर स्वतःची मैत्रीण मला देऊन बसली होती. नावासकट.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"सुस्ती," दुर्वा म्हणाली. "आबांनी ठेवलं."

बंडू म्हणाले, पोटुशी असलेल्या मादीला एवढ्या लांब नेलं तर नव्या जागी तिला बीळ कधी सापडणार? वर टेकडीवरच सोडू, ही तिथलीच असणार. दिनकर माझ्याकडे बघत होता. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं. तू म्हणत असशील तर राहू दे इथेच. शुक्ला भाभींना मी समजावतो."

माझ्या एका शब्दावर होतं सगळं. आणि खरं सांगायचं तर ठेवावी असंच वाटत होतं. नसू दे हे, पण दुपारी दगडावर कुणीतरी असावं. पण ती माझी नव्हतीच, तर मी कशी सांगणार?

"दुर्वाला विचार," मी म्हटलं.

दुर्वा बंडूंजवळ गेली. सुस्तीच्या पुढच्या पंजाकडे वाकून बघितलं. सिमेंटवर खरवडून खरवडून नखं झिजली होती, एका बोटाला रक्त सुकलं होतं. रोज मी तो पंजा बघत होते, आणि ते मला दिसलं नव्हतं. पोर फार वेळ वाकून उभी राहिली. मग सरळ झाली, आणि आवाज स्वच्छ आला.

"वर नेऊ. तिथे माती आहे."

आम्ही सगळे निघालो. मला दिनकरने एका हाताने धरलं, मेघाने दुसऱ्या. दर दहा पावलांवर मी बसत होते आणि गुडघ्यांना शिव्या देत होते. उघडिपीचं ऊन होतं, ओल्या मातीतून वाफ निघत होती, आणि सगळी टेकडी हिरवी होऊन डोळे मिटून बसल्यासारखी वाटत होती. धोंड्यांच्या मधून पायवाट जात होती. एकावर एक रेललेले, आपल्याच विचारात असलेले ते धोंडे. मला उगाच वाटलं, आमच्या अंगणातल्याला आपण माणसांत आणून एकटं पाडलं.

दोन धोंड्यांच्या बेचक्यात लाल मऊ माती होती आणि खाली कपार. बंडूंनी पोतं आडवं ठेवलं, तोंड सोडलं आणि मागे झाले. सुस्ती लगेच बाहेर आली नाही. आधी जीभ, मग डोकं. मग सावकाश, आमच्या मोरीतून यायची तशीच, एक एक पाय टाकत मातीवर आली आणि थांबली.

दुर्वा पुढे झाली नाही. तिने माझा पदर ओढला.

"आजी, तू आधी बोल."

"मी? आता काय बोलू? ते नाहीत ना ते."

"तरी बोल. तुला आबांशी बोलायचं राहिलं ना."

मी खाली बसले. दिनकर आणि मेघा दुसरीकडे बघायला लागले. मी त्या जनावराकडे बघून बोलले, पण त्याच्याशी नाही. म्हटलं, "मला न सांगता गेलात, ते मला आवडलं नाही. फार राग आला मला. पण आता जा. माझी मी चहा करून घेईन." एवढंच बोलले. मला वाटलं होतं खूप बोलायचं आहे, पण तेवढंच होतं.

"आता माझी पाळी," दुर्वा म्हणाली.

ती मातीत पालथी झाली, नेहमीसारखी, हनुवटी टेकून. बोट पुढे केलं. सुस्तीची जीभ आली आणि बोटाला लागून गेली. दुर्वाने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. मग सुस्ती वळली आणि कपारीत शिरली. शेपटीचं टोक बराच वेळ दिसत राहिलं, आणि मग तेही आत ओढलं गेलं. लगेच आतून माती उकरल्याचा आवाज यायला लागला.

"काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"की खाली परत नको येऊ. शुक्ला आंटी घाबरते. पिल्लं झाली तरी नको येऊ. मला ठीक आहे."

असं म्हणून ती उठली, फ्रॉकची माती झटकली, दोन पावलं माझ्याकडे चालत आली, आणि मग तिचा चेहरा चुरगळला. चैत्रापासून मी ह्या पोरीला रडताना पाहिलं नव्हतं. शाळेतून आली की माझ्याजवळ येऊन बसायची, मला चहा घे म्हणायची, मला हसवायची. तिला रडायला आम्ही कुणी वेळच दिला नव्हता. मी हात पसरले आणि ती माझ्या मांडीत येऊन कोसळली.

दिनकर जवळ येऊन वाकला. "दुर्वा, बेटा, आपण भेटायला येऊ ना सुस्तीला." मी त्याला खूण केली, गप्प राहा. कारण मला ऐकू येत होतं. हुंदक्या-हुंदक्यांतून ती सुस्तीचं नाव घेतच नव्हती. ती म्हणत होती, "आबा, आबा, आबा." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि तिला थांबवलं नाही.